जुन्या बॉक्स्टरच्या आतील जीर्ण भागांची डागडुजी: पहिल्यांदाच हे काम हाती घेणाऱ्यांसाठी

पोर्शची पहिली बॉक्स्टर ही उघड्या छपराची दोन आसनी गाडी, म्हणजे कारखान्याच्या भाषेतली ९८६, १९९६ साली आली आणि २००४ पर्यंत बनत राहिली. तिची आणि पोर्शच्याच त्या काळातील ९११ या गाडीची, म्हणजे कारखान्याच्या भाषेतल्या ९९६ ची, आतली रचना बरीचशी सामाईक असल्यामुळे या लेखातील बहुतेक गोष्टी दोन्ही गाड्यांना लागू पडतात. इंजिन नीट राखलेले असेल तर ही गाडी आजही मन लावून धावते. परंतु दार उघडून आत बसले की गेलेली वीस-पंचवीस वर्षे डोळ्यांना आणि त्याहून अधिक हाताला जाणवतात. हँडब्रेकभोवतीच्या आवरणावर अंगठीचे ओरखडे असतात, एसीच्या जाळ्यांच्या कडांवरचा काळा थर पापुद्र्यांसारखा सुटलेला असतो, दाराची मूठ किंचित चिकट लागते आणि चालकाच्या सीटची दाराकडची कड चढता-उतरताना घासून पांढरी पडलेली असते. मी इंग्लंडमध्ये अशीच एक गाडी काही वर्षांपासून सांभाळतो आहे आणि तिचा जवळजवळ प्रत्येक तुकडा माझ्या टेबलावरून गेलेला आहे. ज्यांनी यापूर्वी गाडीच्या आतला एकही स्क्रू काढलेला नाही, त्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहीत आहे.

काम सुरू करण्यापूर्वी गाडीत दहा मिनिटे शांतपणे बसावे आणि कोणत्या भागाला रोज हात लागतो व कोणत्या भागावर केवळ नजर पडते, याची वहीत नोंद करावी. माझ्या मते या संपूर्ण कामातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय येथेच होतो. ज्यावर नुसती नजर पडते त्या पट्टीला, उदाहरणार्थ रेडिओभोवतीच्या चौकटीला, डब्यातला रंग अनेक वर्षे पुरतो. ज्याला रोज हात लागतो, म्हणजे दाराची मूठ, हँडब्रेकचा दांडा आणि गिअरची मूठ, तेथे मात्र घाम, हाताचे तेल आणि नखे यांच्यापुढे साधा रंग फार काळ तग धरत नाही. अशा ठिकाणी एक तर चांगला जुना सुटा भाग मिळवून बसवावा, किंवा चामडे चढवावे, किंवा रंगाचे काम दुप्पट काळजीने करावे.

आता तो चिकट थर म्हणजे नेमके काय, ते समजून घेतले पाहिजे. कारण ते न समजता केलेले काम वाया जाते. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतर युरोपातील अनेक कंपन्यांनी कडक प्लॅस्टिकला मऊ, मखमली स्पर्श यावा म्हणून त्यावर पॉलियुरेथेनचा एक पातळ थर फवारला. हवेतील आर्द्रता, उष्णता आणि त्वचेचे तेल यांच्यामुळे या थरातील रेणूंच्या साखळ्या हळूहळू तुटत जातात आणि थर पुन्हा गोंदासारखा होऊ लागतो. कोकणातल्या घरी दोन पावसाळे कपाटात पडून राहिलेली दुर्बीण किंवा विजेरी बाहेर काढल्यावर तिच्या रबरी आवरणाला बोटे चिकटतात, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल. त्याच्याही मुळाशी बहुधा हीच प्रक्रिया असते. विघटन झालेला थर कोणत्याही मलमाने वा पॉलिशने पुन्हा पूर्ववत होत नाही. म्हणून त्याच्यावर नवा रंग मारणे म्हणजे ओल्या मातीवर गिलावा करण्यासारखे आहे. मी पहिल्या वर्षी नेमके तेच केले होते. हँडब्रेकभोवतीचे आवरण नुसते पुसून रंगवले आणि ते महिनाभर देखणे दिसले. जूनमधल्या एका उन्हाच्या दुपारी त्यावर अंगठा टेकवला, तर नवा रंग अंगठ्याच्या ठशासकट खालच्या गोंदावरून सरकला. ते आवरण मला पुन्हा मुळापासून खरवडावे लागले.

कोणताही भाग काढण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार सोडवावी आणि त्यानंतर किमान अर्धा तास थांबावे. याचे कारण एअरबॅग आहेत. बॉक्स्टरमध्ये त्या केवळ स्टिअरिंगमध्ये आणि डॅशबोर्डमध्ये नसतात. बहुतेक गाड्यांत दारांच्या पॅनेलमध्येही असतात, आणि सीटखाली सीट बेल्टच्या कुलुपाचे कनेक्टर असतात. तार सोडवल्यावरही यंत्रणेत काही काळ वीज साठून राहते, म्हणून थांबायचे. एअरबॅगचा कनेक्टर सुटलेला असताना चावी फिरवू नये, अन्यथा डॅशबोर्डवरचा इशाऱ्याचा दिवा पेटतो आणि तो घालवण्यासाठी गाडीतले दोष शोधणारे यंत्र जोडावे लागते. दाराच्या पॅनेलमधील एअरबॅगला नवशिक्याने हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते पॅनेल काढायचेच असेल तर ते काम जाणकार कारागिराकडून करून घ्यावे आणि आपण पॅनेलवरच्या सुट्या पट्ट्यांपुरते मर्यादित राहावे.

बॅटरी सोडवण्यापूर्वी आणखी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. गाडीत मूळचा रेडिओ असेल तर वीज गेल्यावर तो सांकेतिक क्रमांक मागतो. तो क्रमांक कागदपत्रांत आधीच शोधून ठेवावा. बॅटरी पुढच्या डिकीत असते आणि नंतरच्या गाड्यांत त्या डिकीचे झाकण विजेवर उघडते, म्हणून तार सुटलेली असताना झाकण बंद करू नये. तिसरी गोष्ट काचांची आहे. या गाडीच्या दारांना काचेभोवती चौकट नाही. मूठ ओढली की काच आपोआप थोडी खाली सरकते आणि दार लागले की पुन्हा वर जाऊन रबरात बसते. वीज नसताना ती खाली सरकत नाही, त्यामुळे काचा आधीच थोड्या खाली करून ठेवाव्यात आणि दारे आपटू नयेत.

सुटे भाग काढताना लोखंडी स्क्रूड्रायव्हरने कडा उचकटू नयेत. त्यासाठी प्लॅस्टिकच्या पटाश्यांचा संच स्वस्तात मिळतो. क्लिपा थंडीत कडक होऊन पटकन तुटतात, म्हणून हिवाळ्यात काम करायचे झाल्यास गाडीच्या आत आधी ऊब आणावी किंवा क्लिपेच्या जागेवर केस वाळवण्याच्या यंत्राने मिनिटभर गरम हवा सोडावी. प्रत्येक भाग काढण्याआधी त्याचा फोटो घ्यावा आणि त्याचे स्क्रू वेगळ्या पुडीत ठेवून पुडीवर भागाचे नाव लिहावे. मधल्या कन्सोलचे काही स्क्रू छोट्या कप्प्यांच्या आणि टोप्यांच्या आड दडलेले असतात; एखादा भाग हलतो पण निघत नाही असे वाटले, तर जोर लावण्याऐवजी राहिलेला स्क्रू शोधावा. गिअरची मूठ मात्र नुसती दाबून बसवलेली असते आणि ती सरळ वर ओढून काढावी लागते. ती बराच जोर लावल्यावर एकदम सुटते, म्हणून ओढताना चेहरा तिच्या वर आणू नये.

भाग हातात आल्यावर तो उलटा करून पाहावा. मागच्या बाजूला दोन टोकदार कंसांमध्ये प्लॅस्टिकचा प्रकार कोरलेला असतो. एबीएस (एक कडक प्लॅस्टिक) किंवा पीसी, म्हणजे पॉलिकार्बोनेट, आणि एबीएस यांचे मिश्रण असेल, तर त्यावर रंग चांगला धरतो. पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलिन, असेल तर त्यावर साधा रंग टिकत नाही. आधी प्लॅस्टिकला रंग धरवणाऱ्या खास द्रावणाचा एक हात द्यावा लागतो. त्याच ठिकाणी भागाचा क्रमांकही असतो. बॉक्स्टरच्या आतील अनेक भागांचे क्रमांक ९९६ पासून सुरू होतात, कारण ते ९११ शी सामाईक आहेत, आणि शेवटची तीन अक्षरे रंगाची व पोताची असतात. ही माहिती वहीत उतरवून घ्यावी. सुटा भाग विकत घेण्याची वेळ आली की ‘बॉक्स्टरची चौकट’ असे शोधण्यापेक्षा हा क्रमांक शोधल्यास ९११ च्या भंगारातूनही तोच भाग मिळून जातो. पोर्श क्लासिक या विभागाकडून या गाड्यांचे काही भाग अजून नवेही मिळतात, पण किंमत विचारल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

जुना थर काढणे हेच खरे काम आहे आणि एकूण वेळेपैकी तीन-चतुर्थांश वेळ त्यातच जातो, असा माझा अनुभव आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोल ९९ टक्के शुद्धतेचे घ्यावे, नायट्राइलचे हातमोजे घालावेत आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात. हे द्रव लगेच पेट घेते, म्हणून जवळ शेगडी, हीटर वा सिगारेट नसावी. प्रथम भागाच्या मागच्या बाजूला एका कोपऱ्यात थेंबभर लावून पाच मिनिटे थांबावे आणि प्लॅस्टिक मऊ पडत नाही ना, पांढरे होत नाही ना, हे पाहावे. त्यानंतर जुन्या सुती बनियनचा तुकडा अल्कोहोलमध्ये भिजवून तो भागावर पसरावा, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी झाकावी आणि दहा मिनिटे तसाच ठेवावा. झाकण्याचे कारण एवढेच की अल्कोहोल लगेच उडून जाते आणि थराला मुरायला वेळ मिळत नाही. फडके उचलले की थर सुरकुतलेला दिसतो. प्लॅस्टिकच्या पटाशीने किंवा जुन्या बँक कार्डाच्या कडेने तो एका दिशेने ढकलावा; तो काजळीच्या लगद्यासारखा गोळा होतो आणि हातमोज्यांना चिकटून राहतो. खाली स्वच्छ, किंचित चमकदार काळे प्लॅस्टिक दिसू लागते. खोबणींत अडकलेला थर टूथब्रशने काढावा. एका हँडब्रेकच्या आवरणाला मला अशा चार फेऱ्या आणि अर्धा दिवस लागला.

नेलपॉलिश काढण्याचे द्रव, ॲसिटोन आणि रंगाचे थिनर यांच्या वाटेला मुळीच जाऊ नये. ते थराबरोबर एबीएसही विरघळवतात, आणि पृष्ठभाग एकदा विरघळला की तो पूर्ववत होत नाही.

बटणांच्या बाबतीत वेगळा सावधपणा हवा. काचेची आणि दिव्यांची बटणे रात्री आतून उजळतात, कारण मूळ प्लॅस्टिक पारदर्शक असून त्यावर काळा रंग असतो आणि चिन्हाच्या आकारात तो रंग लेझरने जाळून काढलेला असतो. आपण तो काळा थर खरवडला की चिन्हही जाते आणि सबंध बटण रात्री उजेड फेकू लागते. म्हणून बटणांवर नुसत्या ओलसर फडक्याने हलका हात फिरवावा. चिकटपणा तेवढ्याने जात नसेल, तर ती लेझरची सोय असलेल्या कारागिराकडे पाठवावीत किंवा बदलावीत. हे काम घरी होत नाही.

थर निघाल्यावर थोडे थांबून तुकड्याकडे नीट पाहावे. अनेकदा खालचे प्लॅस्टिक इतके चांगले निघते की रंगाची गरजच उरत नाही. एसीच्या जाळीची मागची बाजू आणि पायांजवळचे भाग मी तसेच ठेवले आहेत आणि ते मुळीच खटकत नाहीत. ओरखडे असतील किंवा शेजारच्या भागाशी चकाकी जुळत नसेल, तरच पुढे जावे.

रंगासाठी गाडीच्या आतील प्लॅस्टिक व व्हिनाइल (कृत्रिम चामडे) यांच्याकरता बनवलेला लवचीक रंग घ्यावा. लोखंडावर मारायचा साधा स्प्रे चालत नाही. तुकडा आधी भांड्याच्या साबणाने कोमट पाण्यात धुऊन वाळवावा. नंतर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून घासावा आणि शेवटी ६०० नंबरचा पेपर फिरवावा. खोल ओरखडे प्लॅस्टिकसाठीच्या लवचीक पुट्टीने भरून सपाट करावेत. यानंतर अल्कोहोलने शेवटचे पुसले की पृष्ठभागाला उघड्या बोटांनी हात लावू नये. आधीच्या मालकाने डॅशबोर्डला सिलिकॉन असलेले चमकदार पॉलिश लावले असेल, तर त्याचा अंश रंगाला जागा देत नाही आणि ओल्या रंगात लहान-लहान गोल खड्डे पडतात. असे खड्डे दिसले की त्यावर आणखी रंग मारून ते बुजत नाहीत. रंग वाळू द्यावा, घासून काढावा आणि सिलिकॉन काढणाऱ्या द्रवाने पुन्हा स्वच्छ करून नव्याने सुरुवात करावी.

रंग मारताना तपमान २० अंशांच्या आसपास असावे आणि हवा कोरडी असावी. दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते, म्हणून मुंबईत किंवा गोव्यात कोणी अशा प्रकारचे काम करणार असेल तर त्याने पावसाळा टाळावा. इंग्लंडमध्ये मी ते मे ते सप्टेंबर या महिन्यांतच करतो. डबा पाच मिनिटे कोमट पाण्यात उभा ठेवल्यास फवारा बारीक येतो. उकळते पाणी मात्र कधीही वापरू नये. डबा तुकड्यापासून वीतभर, म्हणजे २० ते २५ सेंटिमीटर, अंतरावर धरून फवारा तुकड्याच्या बाहेर सुरू करावा आणि तुकडा ओलांडून बाहेरच थांबवावा. पहिला हात इतका पातळ असावा की खालचे प्लॅस्टिक दिसत राहील. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा आणि गरज वाटल्यास चौथा हात द्यावा. नवशिक्याची नेहमीची चूक ही की दुसऱ्याच हाताला सारे झाकून टाकण्याचा मोह होतो. रंग ओघळतो तो तेथेच. शिवाय जाड रंगाखाली प्लॅस्टिकवरचा मूळ दाणेदार पोत बुजतो आणि तुकडा रंगवलेला आहे हे दुरूनही कळते.

मूळ थराची चकाकी अगदी कमी, साटीनसारखी असते, आणि बाजारातल्या ‘काळ्या’ रंगांत तिच्याशी जुळणारा शोधणे कठीण जाते. दोन-तीन डबे आणून एखाद्या निरुपयोगी तुकड्यावर पट्टे मारावेत, दुसऱ्या दिवशी तो तुकडा गाडीत नेऊन न रंगवलेल्या भागाशेजारी धरावा आणि दिवसाच्या उजेडात निवड करावी. आतला रंग काळा नसून ग्रॅफाइट करडा, सॅव्हाना बेज किंवा मेट्रोपोल निळा असेल, तर पुढच्या झाकणाखाली आणि सेवापुस्तिकेत चिकटवलेल्या पट्टीवरचे सांकेतिक अंक पाहून रंग बनवून घ्यावा.

ज्या भागांना हात लागतो त्यांच्यावर दोन घटकांचे कडक पारदर्शक आवरण मारण्याचा सल्ला अनेक जण देतात. ते टिकते, हे खरे आहे. पण त्याच्या कडक होण्याच्या घटकात आयसोसायनेट असते, जे फुप्फुसांना कायमची संवेदनशीलता आणून दमा जडवू शकते, आणि साधा मुखवटा त्यापासून पुरेसे संरक्षण देत नाही. त्यासाठी बाहेरून शुद्ध हवा पुरवणारी सोय लागते. घरच्या गॅरेजमध्ये हे आवरण मारू नये. तुकडा स्वतः स्वच्छ करून, घासून, तयार करून गाड्या रंगवणाऱ्या कारखान्यात द्यावा. तयारी झालेली असल्यामुळे मजुरीही कमी पडते.

सीटच्या घासलेल्या कडेचे काम मला सर्वांत आवडते, कारण त्यात फवाऱ्याची घाई नसते. आधी ती कड चामड्याची आहे की व्हिनाइलची, हे ओळखावे. अनेक गाड्यांत सीटचा मधला भाग चामड्याचा आणि बाजू व पाठ व्हिनाइलची असते. या गाडीतील चामड्यावर कारखान्यातच रंगाचा थर दिलेला असतो, त्यामुळे कड पांढरी दिसते तेव्हा बहुतेक वेळा चामडे फाटलेले नसून फक्त तो थर गेलेला असतो. पाण्याचा थेंब टाकून पाहावा. तो तसाच राहिला तर थर शाबूत आहे. मुरून डाग गडद झाला तर उघडे चामडे वर आले आहे. चामड्याच्या सौम्य साबणाने मऊ ब्रशने मळ काढावा, चामड्याच्या खास द्रवाने तेलकटपणा घालवावा, १००० नंबरच्या पॉलिश पेपरने खरबरीत कडा अगदी हलक्या हाताने बसवाव्यात आणि भेगांमध्ये चामड्याची मऊ पुट्टी बोटाने दाबून भरावी. त्यावर पाण्यात मिसळणारा चामड्याचा रंग स्पंजने टिपत-टिपत लावावा. स्पंज ओढू नये, टिपावा. ओढल्यास रेघा उठतात. प्रत्येक हात केस वाळवण्याच्या यंत्राने वाळवून पुढचा द्यावा आणि पाच-सहा पातळ हातांनंतर संरक्षक थर लावावा. जर्मनीतील कलरलॉकसारख्या कंपन्या गाडीच्या सांकेतिक अंकावरून रंग जुळवून देतात. शिवण उसवली असेल किंवा चामडे आरपार फाटले असेल, तर रंगाने काही साधत नाही. सीट शिवणाऱ्या कारागिराकडे तेवढीच पट्टी बदलून घ्यावी.

सगळे पुन्हा बसवताना घाई करू नये. रंग हाताला कोरडा लागला तरी आतून तो आठवडाभर मऊ असतो, आणि या काळात क्लिप दाबताना अंगठ्याचा ठसा उमटतो. तुकडे आठवडाभर बाजूला ठेवावेत, तोवर तुटलेल्या क्लिपा मागवून घ्याव्यात. भाग सैल जागेवर धरून आधी सगळे स्क्रू दोन-दोन आटे फिरवावेत आणि मगच आळीपाळीने घट्ट करावेत. प्लॅस्टिकमधले आटे एकदा गेले की स्क्रू पुन्हा धरत नाही, म्हणून मनगटाच्या जोराने नव्हे, बोटांच्या जोराने पिळावे. एअरबॅगचे आणि सीटखालचे सगळे कनेक्टर जोडले आहेत याची पुन्हा खात्री करून मगच बॅटरीची तार लावावी. रेडिओला त्याचा क्रमांक द्यावा. काचा पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसेच दाबून धरावे, म्हणजे त्या आपली वरची हद्द पुन्हा शिकतात आणि दार उघडताना पूर्वीप्रमाणे खाली सरकू लागतात.

उन्हाळ्यात छप्पर उघडे ठेवून निघण्यापूर्वी हाताला सनस्क्रीन लावले असेल, तर ते पूर्ण मुरल्याखेरीज नव्या रंगाला हात लावू नये. त्यातील तेले नव्या रंगाला मऊ करतात. डब्यात उरलेला रंग थोडासा एका लहान काचेच्या बाटलीत फवारून, झाकण घट्ट लावून, वर रंगाचे नाव आणि तारीख लिहून ठेवावा. दोन वर्षांनी हँडब्रेकच्या कडेला अंगठी पुन्हा घासेल, तेव्हा बारीक कुंचल्याने एक टिपका देण्यास तो उपयोगी पडेल.